साडेचौदा किलोंचं पाकीट किती दिवस पुरतं?

तुर्भ्याच्या दाणा मार्केटमध्ये एका मोठ्या ट्रकवर पंचवीसेक टन माल असतो. सप्टेंबर 2017मध्ये म्यानमारमधून बांगलादेशात गेलेल्या रोहिंग्या निर्वासितांसाठी भारताने सी-17 या मालवाहू विमानाने तिथल्या चितगावला पाठवलेली पहिली मदत 53 टनांची होती. म्हणजे असे दोन ट्रक आणि वर थोडं. बातमी विमानाचीच होते. पण विमानाचं भाडं धान्याला परवडत नाही.

पुढे आयएनएस घडियाल जहाजाने सुमारे 900 टन माल गेला, 62,000 कुटुंबांची पाकिटं. एक पाकीट साडेचौदा किलोंचं. आता छावणीतला नेहमीचा हिशोब लावा. माणशी रोज 2,100 कॅलरी, त्यासाठी साधारण 400 ग्रॅम धान्य, 60 डाळ, 50 पौष्टिक मिश्र पीठ, 25 तेल, 15 साखर, 5 मीठ. पाच जणांच्या घराला रोज पावणेतीन किलो लागतं. सहाव्या दिवशी पाकीट रिकामं.

सातव्या दिवसाची सोय दरवर्षी ठरलेल्या रोख निधीतूनच होते. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला भारत आधी वर्षाला साडेबारा लाख डॉलर द्यायचा, 2018मध्ये ते 50 लाख केले. हा निर्णय फार मोलाचा होता. शिक्षक-नर्सचे पगार तांदळात देता येत नाहीत.

धान्यच पाठवायचं तर काळजी न्हावा शेव्यालाच घ्यावी लागते. तांदळात 14 टक्क्यांहून जास्त ओलावा राहिला की रात्री कंटेनरचं छत गार पडतं, आतल्या वाफेचं पाणी होऊन टपकतं आणि वरच्या थराला बुरशी धरते. म्हणून ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगायच्या, वर जाड कागद अंथरायचा. धुरी घाईत उरकली तर किडीची अंडी जगतात आणि माल जिथे उतरायचा त्या बंदरात अडकतो. पन्नास किलोंची गोणी इथला माथाडी उचलतो. छावणीत ती एखाद्या बाईला मुलं सांभाळत न्यायची असते. भात खाणाऱ्यांना गहू पाठवला तर दळणासाठी त्यातलाच थोडा विकावा लागतो.

सरकारने अशा मदतीसाठी किती पैसे ठेवलेत ते बघायला अर्थसंकल्पाच्या खर्चाच्या खंडात परराष्ट्र मंत्रालयाची मागणी उघडा, त्यात प्रधान शीर्ष 3605, म्हणजे इतर देशांशी तांत्रिक आणि आर्थिक सहकार्याचा खर्च. आपत्ती मदतीची ओळ वेगळी असते. अंदाजाशेजारी सुधारित आणि प्रत्यक्ष खर्चही वाचा. मग आपल्या ठाण्याच्या खासदारांना गाठा. लोकसभेत लेखी प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. प्रश्नात टनांबरोबर हेही मागा: किती कुटुंबं, किती दिवस, आणि पुढच्या खेपेची तरतूद झाली आहे का.