57 मात्रा आणि एक पाणपोई

एम.ए.ला नाव घातलं तेव्हा मुलगी दहावीत होती. रसग्रहणासाठी बाईंनी गाथासप्तशती या जुन्या प्राकृत काव्यसंग्रहातली एक शृंगारिक गाथा, म्हणजे दोन ओळींची कविता, दिली. पहिल्या खर्ड्यात मी ओढ, आसक्ती, हुरहूर असं दीड पान लिहिलं. बाईंनी विचारलं, "अहो, यातला एक तरी शब्द गाथेत आहे का?" नव्हता.

उद्धच्छो पिअइ जलं जह जह विरलंगुली चिरं पहिओ ।
पावालिआ वि तह तह धारं तणुअं पि तणुएइ ॥

वाटसरू वर डोळे लावून, बोटं फाकवून जसजसा रेंगाळत पाणी पितो, तसतशी पाणपोईवालीही आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. बस, एवढंच. उपमा नाही, रूपक नाही, तिच्या रूपाचं वर्णन नाही. सगळी भिस्त व्यंजनेवर, म्हणजे न बोलता सुचवण्यावर, आणि 'जह जह–तह तह' या जोडीवर.

मग मात्रा, म्हणजे अक्षराच्या उच्चाराला लागणाऱ्या वेळाची मापं, मोजायला बसले. बसले म्हणजे ठाणे-वाशी लोकलमध्ये, उभ्यानेच, बोटांवर. लघूची एक, गुरूच्या दोन. पहिली ओळ 12 आणि 18, चोख. दुसरी 12 आणि 14! गाथा हे छंदाचंही नाव, आणि त्या छंदाला तिथे 15 लागतात. तुर्भ्यापर्यंत तीनदा मोजलं, तरी 14च. शनिवारी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात छंदाचं पुस्तक काढलं तेव्हा उलगडा झाला: ओळीच्या शेवटचा लघू गुरू धरतात. 'तणुएइ'तला 'इ' दोन मात्रांचा. (शाळेत शिकवलं होतं म्हणे.)

खरी गंमत पुढे. गाथेचे गण, म्हणजे ओळीचे तुकडे, चार-चार मात्रांचे, पण दुसऱ्या ओळीतला सहावा गण फक्त एका लघूचा. तिथे कोणता शब्द आहे? 'पि', म्हणजे 'सुद्धा'. 'बारीक धारसुद्धा' म्हणताना ओळीचीच धार सर्वांत बारीक होते. वाशीला उतरायचं विसरले असते.

मी लगेच लिहिलं की दुसरी ओळ तीन मात्रांनी आखूड ठेवून कवीने धार आटवली आहे. बाईंनी ते वाक्य खोडलं. "दुसऱ्या ओळीत 27 मात्रा प्रत्येक गाथेत असतात, ते श्रेय छंदाचं." बरोबरच होतं त्यांचं, वाईट मात्र वाटलं. 'पि'च्या परिच्छेदाला हात लावला नाही त्यांनी, समासात फक्त लिहिलं, "त्याच ओळीतल्या आधीच्या 'वि'कडेही बघा." तो 'वि' पाणपोईवालीचा: 'तीसुद्धा'. ते मी पाहिलंच नव्हतं.