सीमंकी अंगवळणी पाडताना

ब्राउझर एक, मेल दुसरीकडे आणि पत्त्यांची वही तिसरीकडे, याची आता सगळ्यांना सवय झाली आहे. सीमंकीत ही तिन्ही कामं एकाच प्रोग्रॅममध्ये होतात, शिवाय साधी वेबपानं बनवायला त्यात कंपोझर आहे. ही घडण जुनी आहे. १९९७ सालचा नेटस्केप कम्युनिकेटर असाच होता. १९९८ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला आणि त्या कामातून पुढे मोझिला सूट (सूट म्हणजे अशा प्रोग्रॅमांचा एकत्र संच) उभा राहिला. २००५ मध्ये मोझिला फाउंडेशनने फायरफॉक्स आणि थंडरबर्ड या सुट्या प्रोग्रॅमवर लक्ष द्यायचं ठरवलं आणि सूट थांबवला. तो स्वयंसेवकांनी उचलला आणि जानेवारी २००६ मध्ये सीमंकी १.० बाहेर आला. आजही मोजक्या लोकांच्या कष्टांवर तो चालतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे येणाऱ्या बऱ्याचशा अडचणींचं मूळ इथेच आहे.

माझा अनुभव असा, की सीमंकीत आधी मेल हलवावी, ब्राउझर नंतर. लोक नेमकं उलट करतात. पहिल्याच दिवशी ब्राउझर उघडतात, तीनचार नेहमीच्या साइट अडतात आणि प्रोग्रॅम काढून टाकला जातो. मेलचा भाग मात्र भक्कम आहे आणि या सूटची खरी मजा त्यातच कळते. म्हणून इन्स्टॉल करताना त्याला डीफॉल्ट ब्राउझर करू नका, आहे तो राहू द्या. एडिट मेनूतल्या प्रेफरन्सेसमध्ये अपिअरन्स या पानावर सुरुवातीला काय उघडायचं ते निवडता येतं. तिथे मेलवर खूण करा. कंट्रोल + १ दाबलं की ब्राउझर, कंट्रोल + २ दाबलं की मेल, कंट्रोल + ५ दाबलं की पत्त्यांची वही. हे तीन आकडे बोटांत बसले की निम्मं काम झालं.

खातं जोडताना आयमॅप ही मेल वाचायची पद्धत घ्या, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहते आणि जुन्या जागेवरून काही ओढून आणावं लागत नाही. येणाऱ्या मेलसाठी पोर्ट (सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक) ९९३ आणि सुरक्षा, म्हणजे जोडणी एन्क्रिप्ट करण्याची पद्धत, एसएसएल/टीएलएस. जाणाऱ्या मेलसाठी दोन पर्याय असतात: पोर्ट ४६५ असेल तर एसएसएल/टीएलएस, ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस. यांची अदलाबदल झाली तर चूक लगेच दिसत नाही, मेल पाठवताना पट्टी नुसती फिरत राहते आणि बऱ्याच वेळाने 'सर्व्हरशी जोडता आलं नाही' असं येतं. सुरुवातीचा विझार्ड, म्हणजे खातं जोडताना पायरीपायरीने प्रश्न विचारणारी खिडकी, हे सगळं विचारेलच असं नाही, त्यामुळे तो संपल्यावर अकाउंट सेटिंग्ज उघडून प्रत्येक आकडा स्वतः बघा. पाठवणाऱ्या सर्व्हरची सेटिंग्ज खात्याच्या खाली नसतात, डाव्या यादीत अगदी तळाशी 'आउटगोइंग सर्व्हर' म्हणून वेगळी असतात. 'मेल येते पण जात नाही' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा त्या तळाच्या ओळीत सापडतं.

जीमेलला नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे ऑथेंटिकेशनच्या (ओळख पटवण्याच्या) जागी ओऑथ२ निवडायचं. मग गुगलची खिडकी उघडते, लॉगिन करून परवानगी द्यायची. त्या खिडकीला कुकीज लागतात, त्या बंद असतील तर लॉगिन पूर्ण होऊनही खिडकी पुन्हा पहिल्या पायरीवर येते. दुसरा मार्ग अ‍ॅप पासवर्डचा. गुगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं की सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड तयार करता येतो. तो वापरताना ऑथेंटिकेशन 'नॉर्मल पासवर्ड' असं ठेवायचं. मला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो लॉगिनच्या पानावर अवलंबून नाही.

जीमेलची आणखी एक गोष्ट आधीच नीट करून घ्यावी. तिथली लेबलं इथे फोल्डर म्हणून दिसतात आणि 'ऑल मेल' नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक पत्र पुन्हा असतं. सीमंकीने मेल ऑफलाइन साठवायची असं ठरवलेलं असेल तर तीच पत्रं दोनदा उतरतात, डिस्क भरते आणि पहिली जुळणी संपता संपत नाही. जीमेलच्या वेबवरच्या सेटिंग्जमध्ये लेबल्स या भागात प्रत्येक लेबलासमोर 'आयमॅपमध्ये दाखवा' अशी खूण असते. ऑल मेलसमोरची खूण काढली की प्रश्न मिटतो. मग सीमंकीत कॉपीज अँड फोल्डर्समध्ये जाऊन पाठवलेली पत्रं आणि मसुदे सर्व्हरवरच्या योग्य फोल्डरकडे वळवा, नाहीतर फोनवर वेगळे मसुदे आणि इथे वेगळे असा घोळ होतो.

मेल संगणकावर कशी साठते हे समजून घेतलं तर पुढची बरीच भीती जाते. प्रत्येक फोल्डरची एक साधी मजकुराची फाइल असते, तिला एमबॉक्स म्हणतात, आणि तिच्या नावाला एक्स्टेन्शन नसतं. तिच्या शेजारी त्याच नावाची एमएसएफ एक्स्टेन्शनची फाइल असते, ती म्हणजे फक्त अनुक्रमणिका. यादीत पत्रं चुकीची दिसू लागली, विषय एकाचा आणि मजकूर दुसऱ्याचा असं झालं, तर बिघाड बहुधा अनुक्रमणिकेत असतो. प्रोग्रॅम पूर्ण बंद करून ती एमएसएफ फाइल काढून टाका, पुढच्या वेळी ती नव्याने तयार होते. एमबॉक्सला मात्र हात लावायचा नाही.

पत्र डिलीट केलं तरी एमबॉक्समधून ते लगेच जात नाही, त्यावर फक्त खूण होते. म्हणून फाइल मोठी होत राहते. फाइल मेनूतलं कॉम्पॅक्ट फोल्डर्स अधूनमधून चालवलं की ती जागा मोकळी होते. ते चालू असताना प्रोग्रॅम मध्येच बंद करू नका. आणि अँटिव्हायरसला प्रोफाइलचा फोल्डर, म्हणजे तुमची पत्रं आणि बाकी सगळं ज्यात साठतं तो, वगळायला सांगा. एखाद्या पत्रातल्या अ‍ॅटॅचमेंटमध्ये व्हायरस सापडला तर काही अँटिव्हायरस ती पूर्ण एमबॉक्स फाइलच क्वारंटाइनमध्ये टाकतात, म्हणजे बाजूला कोंडून ठेवतात. त्यांच्या दृष्टीने ती एक फाइल असते, तुमच्या दृष्टीने तो सगळा इनबॉक्स असतो. अ‍ॅटॅचमेंट उघडायच्या वेळी तपासली जातेच, त्यामुळे वगळण्याने फारसं काही बिघडत नाही.

थंडरबर्डमध्ये जुनी स्थानिक पत्रं असतील तर तिथल्या बिनएक्स्टेन्शनच्या फाइली सीमंकीच्या प्रोफाइलमध्ये मेलखालच्या लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करायच्या. दोन्ही प्रोग्रॅम त्या वेळी बंद हवेत. पूर्ण प्रोफाइल उचलून इथे आणण्याचा मोह टाळा, कारण दोघांच्या इतर फाइली आता एकमेकांशी जुळत नाहीत.

रोजच्या वापरात वेग येतो तो कीबोर्डमुळे. 'एन' दाबलं की पुढचं न वाचलेलं पत्र. १ ते ५ आकड्यांनी टॅग लागतात, ० ने निघतात. 'जे' म्हणजे नको असलेलं पत्र, शिफ्ट + 'जे' म्हणजे चांगलं. हा जंक फिल्टर तुमच्या खुणांवरून शिकतो आणि त्याला दोन्ही बाजू दाखवाव्या लागतात. लोक फक्त वाईट पत्रांवर खूण करत जातात, मग चांगलीही तिकडे जाऊ लागली की फिल्टरला दोष देतात. पहिले काही आठवडे जंक फोल्डर रोज बघा आणि चुकून गेलेलं पत्र शिफ्ट + 'जे'ने परत आणा. मेसेज फिल्टर्स प्रोग्रॅम चालू असतानाच काम करतात हेही ध्यानात असू द्या. फोनवरही पत्रं आपोआप लावलेली दिसायला हवी असतील तर ते नियम सर्व्हरवर करावे लागतील.

उत्तर लिहिताना कर्सर मूळ पत्राच्या खाली येतो याने नवीन माणूस बिचकतो. कंपोझिशन अँड अ‍ॅड्रेसिंगमध्ये तो वर नेता येतो. साधा मजकूर आणि एचटीएमएल यांपैकी एक नेहमीसाठी निवडा, कधीतरी दुसरं हवं असेल तर शिफ्ट दाबून कंपोझ बटण दाबा, तेवढ्या पत्रापुरतं उलटं होतं. जाणाऱ्या पत्राचं एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ आहे ना, हेही एकदा बघा, म्हणजे देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं जाणार नाहीत.

आता ब्राउझर. बुकमार्क जुन्या ब्राउझरमधून एचटीएमएल फाइल म्हणून काढा आणि बुकमार्क मॅनेजरमधून आत घ्या, ते सरळ होतं. पासवर्ड एकगठ्ठा आणण्यापेक्षा लागतील तसे साठवत जावेत आणि आधी मास्टर पासवर्ड लावून घ्यावा, कारण त्याच कोठडीत तुमचे मेलचे पासवर्डही असतात.

साइट का अडतात ते नीट समजून घेण्यासारखं आहे. सीमंकीच्या २.५३ मालिकेचा पाया २०१८ साली आलेल्या फायरफॉक्स ६० चा आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या नंतरच्या आवृत्त्यांतून आणून त्यात बसवल्या जातात, नवीन सोयीही काही बसवल्या आहेत, पण सगळ्या नाहीत. त्यामुळे अडणाऱ्या साइटचे दोन प्रकार पडतात आणि दोघांचा इलाज वेगळा आहे.

पहिल्या प्रकारात साइट फक्त नाव विचारते. 'तुमचा ब्राउझर चालत नाही' असा फलक सरळ समोर येतो, किंवा पान फारच साधं, जुन्या पद्धतीचं दिसतं. इथे ब्राउझर स्वतःची ओळख काय सांगतो तेवढं बदलून बघायचं. प्रेफरन्सेसमध्ये अ‍ॅडव्हान्स्डखाली एचटीटीपी नेटवर्किंगच्या पानावर फायरफॉक्स म्हणून ओळख देण्याचा पर्याय आहे. एकाच साइटसाठी बदलायची असेल तर अबाउट:कॉन्फिगमध्ये (पत्त्याच्या पट्टीत about:config लिहून उघडणारं सेटिंग्जचं पान) जनरल.यूझरएजंट.ओव्हरराइड (general.useragent.override), पुढे टिंब आणि साइटचं डोमेन अशा नावाची नवीन स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची नोंद, करायची आणि तिच्यात ताज्या फायरफॉक्सची ओळख भरायची. नाव अर्थात रोमन लिपीत लिहायचं. एकेका साइटपुरती ओळख बदलणं मला जास्त पसंत आहे, सगळीकडे वेगळं नाव सांगितलं तर कुठली अडचण कशामुळे आली तेच कळेनासं होतं.

दुसऱ्या प्रकारात साइट काहीच बोलत नाही. पान पांढरं राहतं, किंवा सगळं दिसतं पण बटण दाबल्यावर काही घडत नाही. कंट्रोल + शिफ्ट + 'जे' ने एरर कन्सोल उघडा, तो रिकामा करा आणि पान पुन्हा लोड करा. 'सिंटॅक्सएरर' अशी लाल ओळ आली तर साइटची जावास्क्रिप्ट या इंजिनाला माहीत नसलेल्या पद्धतीने लिहिलेली आहे. तिथे ओळख बदलून उपयोग नाही, उलट साइट आणखी नवा कोड पाठवते आणि उघडत होतं तेही बंद पडतं. 'तुम्ही माणूस आहात का' हे तपासणारी पानं पुन्हा पुन्हा तीच खूण मागत राहतात, तीही याच वर्गातली. अशी साइट दुसऱ्या ब्राउझरात उघडायची आणि पुढे जायचं. बँकेचे व्यवहार, व्हिडिओ कॉल, एकत्र लिहायचे ऑनलाइन दस्तऐवज मी सीमंकीत करतच नाही आणि कोणाला करायलाही सांगत नाही. बातम्या, लेख, विकिपीडिया, फोरम, सॉफ्टवेअरची माहितीपत्रं यांसाठी तो हलका आणि निवांत आहे.

मेलमधल्या लिंक सीमंकीच्याच ब्राउझरात उघडतात हे इथे आडवं येऊ शकतं. जड साइटची लिंक असेल तर उजव्या क्लिकने कॉपी करून दुसरीकडे चिकटवायची.

निर्णय घेण्याआधी एक चाचणी मात्र जरूर करा: हेल्प मेनूतून अ‍ॅड-ऑन (ब्राउझरला जोडलेले छोटे जादा प्रोग्रॅम) बंद ठेवून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. बऱ्याचदा साइट मोडणारा दोषी जाहिराती अडवणारा अ‍ॅड-ऑनच निघतो. आजचे फायरफॉक्सचे अ‍ॅड-ऑन इथे सहसा चालत नाहीत, जुन्या पद्धतीचे लागतात. यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती अडवणाऱ्या अ‍ॅड-ऑनची जुन्या ब्राउझरांसाठीची वेगळी आवृत्ती गिटहब या कोडच्या साइटवर आहे, तीच घ्यावी. टूल्समधला डेटा मॅनेजरही कामाचा आहे. एखादं डोमेन निवडलं की त्याच्या कुकीज, परवानग्या आणि पासवर्ड एकत्र दिसतात. लॉगिन अडकलं तर सगळ्या ब्राउझरच्या कुकीज उडवण्याऐवजी तेवढ्या डोमेनच्या काढता येतात. ही सोय इतक्या सुटसुटीतपणे मला दुसरीकडे मिळालेली नाही.

बॅकअप म्हणजे प्रोफाइलच्या फोल्डरची कॉपी. हेल्पमधल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनच्या पानावरून तो फोल्डर उघडता येतो, जागा शोधत बसावं लागत नाही. जागा कळली की प्रोग्रॅम बंद करा आणि मगच कॉपी घ्या, चालू असताना घेतलेल्या कॉपीत काही फाइली अर्धवट येतात. पत्रं, पत्ते, फिल्टर, बुकमार्क, पासवर्ड सगळं त्याच एका फोल्डरात असतं, म्हणून ही कॉपी कुलूपबंद किंवा एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर ठेवा. मोठ्या अपडेटच्या आधी एक ताजी कॉपी हवीच, कारण नव्या आवृत्तीने बदललेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत नीट उघडेल याची खात्री नसते. परत आणताना सीमंकी उणे-पी या पर्यायासह (सुरू करायच्या कमांडपुढे -P लिहून) सुरू करा, प्रोफाइल मॅनेजर उघडेल. नवीन प्रोफाइल तयार करताना 'फोल्डर निवडा' वर क्लिक करून कॉपी दाखवा आणि खातं, टॅग, फिल्टर जागेवर आहेत ना ते तपासल्याशिवाय जुनं प्रोफाइल पुसू नका.