रक्त आधी की रक्तवाहिनी?

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात कोंबडीच्या ३३ तासांच्या भ्रूणाची स्लाइड आमच्या मराठवाड्यातील महाविद्यालयांत वर्षानुवर्षे दाखवली जाते. हृदय, मेंदूचे फुगवटे आणि कायखंड यांना नावे दिली की जर्नलवर सही मिळते. भ्रूणाभोवतीच्या अपारदर्शक पट्ट्यात दिसणाऱ्या गडद ठिपक्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. हे रक्तद्वीप, म्हणजे भ्रूणाच्या मधल्या थरातील (मध्यस्तरातील) पेशींचे पुंजके होत. पुंजक्यातील कडेच्या पेशी चपट्या होऊन वाहिनीचे अस्तर बनतात, तर आतल्या पेशी गोल होऊन हिमोग्लोबिन तयार करू लागतात.

हे जिवंत पाहायचे, तर दुकानातील पोल्ट्रीचे अंडे उपयोगाचे नाही, कारण ते फलित नसते. आठवडी बाजारातील गावरान अंडी घ्यावीत आणि इन्क्युबेटर ३८ अंशांच्या आसपास ठेवावा; मे महिन्यात आमच्याकडे खोलीच त्याहून तापते, हा भाग निराळा. दोन दिवसांनी कवच अलगद फोडले, की पिवळ्या बलकावर लालसर जाळे पसरलेले दिसते.

अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ फ्लोरेन्स सबिन यांनी १९२० मध्ये याच दुसऱ्या दिवसातील जिवंत भ्रूणाचे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि वाहिनीच्या भिंतीतूनही रक्तपेशी निपजतात, अशी नोंद केली. पुढे १९३२ मध्ये मरे या संशोधकांनी रक्तपेशी आणि अस्तरपेशी या दोन्हींच्या समाईक पूर्वजाला हीमँजिओब्लास्ट असे नाव दिले, आणि पाठ्यपुस्तकांनी ते असे उचलून धरले की सबिन यांची ती नोंद मागे पडली. माझ्या मते अभ्यासक्रमाची खरी उणीव येथेच आहे.

कारण बलकाभोवतीच्या पिशवीतील हे पहिले रक्त बहुतांशी तात्पुरते असते. फ्रान्समध्ये दिएतर्लां-लिएव्र यांनी १९७५ मध्ये कोंबडीच्या बलकावर लाव्याचा भ्रूण जोडला. दोन्ही पक्ष्यांच्या पेशींची केंद्रके सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी ओळखता येतात, त्यामुळे पुढील काळातील रक्त लाव्याचे, म्हणजे खुद्द भ्रूणाच्या शरीरातील, असल्याचे त्यांना दाखवता आले. ते नेमके कोठून येते, हे २०१० मध्ये झेब्रा माशाच्या पारदर्शक भ्रूणात प्रत्यक्ष दिसले: महाधमनीच्या पोटाकडील भिंतीतील एखादी चपटी अस्तरपेशी वाकते, फुगते, शेजारणींपासून सुटते आणि रक्ताची मूलपेशी, म्हणजे सर्व रक्तपेशींना जन्म देणारी पेशी, होऊन निघून जाते. विशेष म्हणजे, ती निघताना दुभागत नाही. तीच पेशी रूप पालटते. रन्क्स-१ हे जनुक नसेल, तर हे रूपांतर घडत नाही आणि तसा उंदराचा भ्रूण गर्भातच मरतो.

मानवी भ्रूणात अशा सुटणाऱ्या पेशींचे पुंजके महाधमनीत साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात आढळतात. तेथून मूलपेशी यकृतात आणि नंतर अस्थिमज्जेत जातात. थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांसाठी जुळणारा मज्जादाता मिळणे अवघड असते, म्हणून प्रयोगशाळेत अशा मूलपेशी घडवण्याची धडपड चालू आहे. २०१७ मध्ये एका गटाने मानवी पेशींपासून आधी रक्तपेशी देणारे हेच वाहिनीचे अस्तर तयार केले, त्यात सात जनुके कार्यरत केली आणि उंदरात रुजून रक्त देणाऱ्या पेशी मिळवल्या.