तीन बोटांचं अंतर

सोलापूरची गड्ड्याची यात्रा आटोपून शाळा पुन्हा भरली होती. साल १९८८, आम्ही नववीत. विज्ञानाच्या सरांनी बजावून ठेवलं होतं, "ज्याच्या घरी रान असेल त्यानं उद्या सातबारा आणायचा." निम्मा वर्ग गिरणी आणि मागाच्या घरांतला, त्या मुलांनी घरपट्टीच्या पावत्या आणल्या. मी भीमाकाठच्या गावातून एसटीनं येणारा. आप्पांनी ट्रंकेतून काढून दिलेला सातबारा घड्यांवर फाटत आला होता. त्यावर लिहिलं होतं ४ हेक्टर ५ आर. घरात मात्र सगळे दहा एकरच म्हणायचे.

सरांनी आम्हाला मैदानावर नेलं. ३३ फुटांचा दोर चारही बाजूंनी ताणला, कोपऱ्यांवर चार मुलं उभी केली आणि चुन्याची फक्की मारली. "हा गुंठा. ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर." मग त्याच कोपऱ्यापासून दहा मीटर बाजूचा दुसरा चौकोन आखला. "हा आर." दोन बाजूंना फक्की एकच होती, पलीकडच्या दोन बाजूंना मात्र दोन रेघा शेजारी शेजारी दिसत होत्या. सरांनी मला खाली बसवून मधे बोटं ठेवायला लावली. तीन बोटं मावली. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, आर बरोबर शंभराचा. "ही तीन बोटं विसरू नका," सर म्हणाले.

वर्गात परतल्यावर कुणीतरी विचारलं की अगदी बारीक जागा मोजायला कोणतं माप. सरांनी फळ्यावर लिहिलं : बार्न. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठात १९४२ साली हॉलोवे आणि बेकर या दोन शास्त्रज्ञांनी हे नाव ठेवलं. बार्न म्हणजे शेतावरचं मोठं कोठार. अणुकेंद्रावर कण आदळवणाऱ्याच्या दृष्टीनं तेवढी जागा कोठाराएवढी ऐसपैस, म्हणून हे नाव. ओपेनहायमर आणि बेथे या शास्त्रज्ञांच्या नावांचाही विचार झाला होता. पहिलं फार लांब, दुसऱ्याचा बीटा या ग्रीक अक्षराशी घोटाळा होईल, म्हणून सोडून दिलं. अणुबॉम्बच्या कामातला शब्द असल्यानं सुरुवातीला तो गुपितच होता. इतक्या बारीक मापाला शेतावरचं नाव मिळालं याचा सरांना केवढा आनंद होता! तो अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

बार्नच्या चौकोनाची बाजू म्हणजे एका मीटरचे १ वर १४ शून्ये इतके भाग केले तर त्यातला एक. मी लगेच सांगितलं, "मग एका चौरस मीटरमध्ये १ वर १४ शून्ये एवढे बार्न." सर रागावले नाहीत. म्हणाले, "लांबी चौदा शून्यांनी बारीक झाली. आणि रुंदी?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. चौदा आणि चौदा, अठ्ठावीस. आर म्हणजे तीस शून्ये, हेक्टर म्हणजे बत्तीस. मी आमच्या सातबाऱ्याच्या पाठीवर पेन्सिलीनं ४०५ लिहिले आणि पुढे तीस शून्ये ओढली.

पण सरांनी खरं शिकवलं ते त्याच्या पुढचं. कॅडमियम या धातूच्या एका प्रकारच्या अणूचं, कॅडमियम-११३ चं, केंद्र आकारानं साधारण एकाच बार्नचं. तरी संथ न्यूट्रॉनसाठी त्याचं माप सुमारे २०,००० बार्न भरतं; म्हणून तर अणुभट्टी आवरायला कॅडमियमच्या कांड्या वापरतात. हे कसं? सर म्हणाले, "गुऱ्हाळ गुंठाभर जागेत असतं. मोटारसायकलवाला भुर्रकन निघून जातो, पण रमतगमत चाललेला माणूस गुळाच्या वासानं लांबून वळतो. किती लांबून ते मोजा." आम्ही हिशेब केला. गुंठ्याला एक बार्न धरला तर वीस हजार गुंठे, म्हणजे पाचशे एकर. न्यूट्रॉन कुठवर ओढला जाऊ शकतो, ते हे क्षेत्र सांगतं. पुढे बीएस्सीला हाच भाग इंग्रजीतून आला, तेव्हा मला गुळाचा वास आला.

मी कॉलेजात असताना आप्पा आणि तात्यांची वाटणी झाली. पाच पाच एकर ठरलं होतं. वाटणीपत्र लिहिणाऱ्यानं पाच एकरांचे दोनशे गुंठे केले, गुंठा म्हणजेच आर समजून आप्पांच्या नावे २ हेक्टर लिहिले आणि उरलेलं २ हेक्टर ५ आर तात्यांच्या नावे. आप्पांचं जवळपास अडीच गुंठे रान कागदावरून गेलं. घर बांधून पुढं अंगण राहील एवढी ती जागा. दोघा भावांचं बोलणं बंद झालं. आप्पांना वाटे तात्यांनी लिहिणाऱ्याला फितवलं. तात्यांना वाटे, सही करून आता हे काय!

सुट्टीत मी दोर आणि चुना घेऊन बांधावर गेलो. दोघांसमोर गुंठा आखला, त्यात आर आखला, आणि तात्यांना मधे बोटं ठेवायला लावली. ते बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले. मग म्हणाले, "आन् असं चारशे गुंठ्यांत, व्हय?" पुढच्या आठवड्यात ते आपणहून दुरुस्तीपत्रावर सही करायला आले.

त्या दिवशी कागद चाळताना तो जुना सातबारा त्यांच्या हाती लागला. पाठीमागची पेन्सिल पुसट झाली होती.

"हे एवढं काय रं?"

"आपलं रान, तात्या. बार्नमध्ये."

त्यांनी ४०५ च्या पुढच्या एकेका शून्यावर बोट ठेवून मोजलं. तीस भरली.