मानेवरचं वजन: पेट्रोल ट्रक आणि फिफ्थ व्हील घेऊन डेन्व्हर ते मोआब

अमेरिकेत पिकअप ट्रक विकणारे एकच आकडा मोठ्या अक्षरांत छापतात: हा ट्रक किती ओढतो. १५,००० पौंड, १८,००० पौंड. ट्रेलर विकणारेही तोच आकडा धरून बोलतात. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर जो पिवळा-पांढरा स्टिकर दिसतो, तिकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही. त्यावर लिहिलेलं असतं, माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त वजन या गाडीत घालू नका. फिफ्थ व्हील ओढायची असेल तर खरा निकाल त्या स्टिकरवर लागतो.

फिफ्थ व्हील म्हणजे ट्रकने ओढायचं चाकांवरचं घर, पण साध्या ट्रेलरसारखी बंपरमागच्या गोळ्याला अडकवायची गाडी नव्हे. तिचा पुढचा भाग ट्रकच्या हौद्यावर झुकलेला असतो आणि त्याखालचा जाड किंगपिन हौद्यात बसवलेल्या हिचच्या जबड्यात अडकतो. हिच मागच्या चाकांच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे असल्याने ही गाडी वाऱ्याला कमी डोलते, वळते झकास. पण साध्या ट्रेलरचं दहा ते पंधरा टक्के वजन ट्रकवर येतं, तर हिचं वीस ते पंचवीस टक्के. या भाराला इथे पिन वेट म्हणतात.

आमच्या घरात हे सगळ्यात आधी कळलं ते अण्णांना. सांगलीकडून ते आमच्याकडे आले, तेव्हा ट्रेलर नुकताच दारात येऊन उभा राहिला होता. मी आकडे सांगायला लागलो, तर मला थांबवून म्हणाले, "म्हणजे बैलगाडीच की रे. भार मागं गेला की गाडी उलाळ होते, पुढं आला की बैलाची मान जाते. तुझ्या बैलाच्या मानेवर किती पडतंय ते सांग." यापेक्षा नेमका प्रश्न मला कुठल्याही विक्रेत्याने विचारला नव्हता.

तर हिशोब असा. ट्रेलरची कंपनीने ठरवलेली कमाल मर्यादा १३,५०० पौंड. माहितीपत्रकातलं 'ड्राय वेट' याहून बरंच कमी असतं आणि ते बाजूलाच ठेवावं, कारण त्यात पाणी नाही, बॅटरी नाही आणि आपला संसारही नाही. एक गॅलन पाणी म्हणजे आठ पौंडांहून थोडं जास्त. साठ गॅलनची टाकी भरली की पाचशे पौंड झाले. वर आमच्याकडचे कुकर, मिक्सर, कणकेचा डबा आणि "असू दे, लागेल" म्हणून कोंबलेल्या दोन सतरंज्या. म्हणून पिन वेट नेहमी कमाल मर्यादेवर काढायचं. १३,५०० चे वीस टक्के २,७००. पंचवीस टक्के धरले तर ३,३७५. त्यात हिचचं स्वतःचं वजन, चार माणसं आणि मागच्या सीटवरची पिशव्यांची रास.

आम्ही पाहिलेल्या एका 'पाऊण टनी' (हे नुसतं वर्गाचं नाव) डिझेल ट्रकच्या स्टिकरवर जेमतेम २,२०० पौंड होते. इंजिनात ताकद हत्तीची, टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, हजाराच्या वर, पण इंजिनच इतकं जड की पेलायला फारसं उरत नाही. हलक्या पेट्रोल इंजिनाचा फायदा इथे दिसतो. शेवटी घेतला एक टन वर्गातला फोर्ड एफ-३५०, मागे एकेरी चाकं, ७.३ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन, ४.३० चा ॲक्सल रेशो (हा आकडा मोठा, तितका ओढायला जोर जास्त). स्टिकरवर ३,९०० पौंड. डिझेल इंजिनासाठी साधारण दहा हजार डॉलर जास्त मोजावे लागतात. वर्षातून मोजक्या वेळा ट्रेलर ओढायचा आणि एरवी ऑफिस आणि किराणा करायचा, त्यांनी ते का मोजावेत हे मला आजही पटत नाही.

डेन्व्हरच्या घरून युटातल्या मोआबला निघताना पहिला मुक्काम वजनकाट्यावर. महामार्गाकडेच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर 'कॅट स्केल' असतो. पुढची चाकं एका फळीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर, आणि काही मिनिटांत पावती हातात. ऊस घेऊन कारखान्याच्या काट्यावर रात्र रात्र थांबलेल्या अण्णांनी पहिला प्रश्न टाकला, "इथं काटा मारत नाहीत ना?" ही कंपनी वजनाच्या अचूकतेची हमी देते, असं सांगितल्यावरही पावती त्यांनी दोनदा तपासली. पुढचा आस ४,६४०, मागचा ५,८६०, ट्रेलरचे आस ९,८००, एकूण २०,३०० पौंड. ट्रेलर सोडून माणसं, हिच आणि सामानासकट ट्रकचं वजन आधी केलं होतं ते ७,९००. जोडल्यावर ट्रक एकटा १०,५०० दाखवत होता, म्हणजे मानेवर २,६००. "चालतंय," अण्णा म्हणाले आणि पावती खिशात घातली.

डेन्व्हर मुळात ५,२८० फुटांवर. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. हवा विरळ, म्हणून सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी. माहितीपत्रकातले ४३० अश्वशक्तीचे आकडे समुद्रसपाटीचे. इथे घरासमोरच पंधरा टक्के उडालेले असतात आणि आयझेनहॉवर बोगद्यापाशी पोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश. टर्बो डिझेल हवा दाबून आत घेतं, त्यामुळे त्याला हा फटका फारसा बसत नाही. डिझेलवाल्यांचा हा मुद्दा निर्विवाद आहे.

इंटरस्टेट ७० वर माउंट व्हर्नन कॅन्यन चढताना ट्रकने पहिल्यांदा आवाज चढवला. आयडाहो स्प्रिंग्जपर्यंत ठीक होतं. जॉर्जटाउन सोडलं की सिल्व्हर प्लूमकडे रस्ता डोंगराला भिडतो आणि मग बोगद्यापर्यंत चढच चढ. ओझं ओढण्यासाठीच्या टो-हॉल मोडमध्ये गिअरबॉक्सने खालचे गिअर पकडले, इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा ४,५०० च्या आसपास, वेग ४५ मैल. केबिनमध्ये बोलणं थांबलं. मागून अण्णा, "इंजिन फुटंल का रे?" त्याला तिथेच फिरायचं असतं, असं मी ओरडून सांगितलं. या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क ४,००० आरपीएमला आणि पूर्ण ताकद ५,५०० ला मिळते. कानाला सवय नसते, एवढंच. जो माणूस घाबरून पाय उचलतो आणि पुन्हा दाबतो, त्याचीच गाडी रखडते. आम्ही उजवी लेन धरली, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवली आणि मालवाहू ट्रकांच्या मागे निवांत चढत राहिलो. सप्टेंबरअखेर होती, दोन्ही बाजूंना ॲस्पेन पिवळेधमक. मुलीने मागून इतके फोटो काढले की चढ कधी संपला तिला कळलंच नाही.

बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर. अमेरिकेच्या इंटरस्टेट महामार्गांवरची ही सर्वांत उंच जागा. पहिली नळी १९७३ मध्ये सुरू झाली, दुसरी १९७९ मध्ये. वर डोक्यावर खंडाचा जलविभाजक आहे. अलीकडचं पाणी अटलांटिकच्या वाटेला, पलीकडचं पॅसिफिकच्या.

आणि मग उतार. सिल्व्हरथॉर्नपर्यंत दोन हजारांहून जास्त फूट खाली, सात टक्के. उजवीकडे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी वर चढणारे खडीचे रॅम्प दिसतात. डिझेल ट्रकला एग्झॉस्ट ब्रेक असतो, बटण दाबलं की गाडी इंजिनावरच रोखली जाते. पेट्रोल ट्रकला ती सोय नाही, खालच्या गिअरचाच आधार. त्यामुळे उतार सुरू व्हायच्या आधीच वेग पडलेला हवा. बोगद्यातून बाहेर पडताना मी ४० वर होतो. गिअरबॉक्स आपणहून खाली उतरत गेला, इंजिन पुन्हा गरजायला लागलं. वेग ४५ च्या वर गेला की एकदा ठाम ब्रेक, ३५ वर आणायचं, पाय काढून घ्यायचा. सतत हलका ब्रेक धरून ठेवला की तो तापतो आणि ऐन वेळी हात देत नाही. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक आहेत. डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरचा जोर निघण्याआधी रिकाम्या पार्किंगमध्ये जुळवून घेतला होता. चढ जमला नाही तर फार तर उशीर होतो, म्हणून चढाची फुशारकी मारणाऱ्यांपेक्षा उताराबद्दल बोलणाऱ्यांचं मी जास्त ऐकतो.

व्हेल पासच्या घाटात हेच सगळं पुन्हा. पुढे ग्लेनवुड कॅन्यन लागला. कोलोरॅडो नदीच्या कडेने, कुठे कुठे खांबांवर तरंगत जाणारा हा रस्ता १९९२ मध्ये पुरा झाला. तिथे ट्रक इतका शांत झाला की बायकोने डबे उघडले आणि दशम्या वाटल्या.

पेट्रोल ट्रकचा खरा त्रास, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, तो पेट्रोल भरण्याचा. डिझेलवाले मालवाहू ट्रकांच्या ऐसपैस लेनमध्ये सरळ घुसतात. पेट्रोलचे पंप असतात छोट्या गाड्यांच्या छपराखाली, आणि आपण ट्रकसकट पन्नास फूट लांब. छपराची उंची बघा, वळताना ट्रेलरचं मागचं टोक उलट्या बाजूला किती फेकलं जातं ते बघा, बाहेर पडायला जागा आहे का तेही बघा. बायको फोनवर पंपाचा उपग्रहातून काढलेला फोटो बघून "हा नको, हा पण नको" म्हणत होती. शेवटी फ्रुटामध्ये कडेचा, रस्त्याला समांतर असलेला पंप मिळाला. शिवाय कोलोरॅडोत सगळ्यात स्वस्त पेट्रोल ८५ ऑक्टेनचं असतं. ओझं ओढायचं असताना ते भरू नये, ८७ चंच घ्यावं. गॅलनला आठ मैलांच्या आतबाहेर मिळाले. रिकामा ट्रक याच्या जवळपास दुप्पट देतो.

युटात क्रेसेंट जंक्शनला १९१ नंबरचा रस्ता धरला आणि दुपार कलताना मोआब. आर्चेस बघितलं, डेड हॉर्स पॉइंटवरून दोन हजार फूट खालची कोलोरॅडो बघितली. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी थांबतो. फिफ्थ व्हीलचं सुख मात्र सांगायला हवं: घर कॅम्पग्राउंडवर सोडायचं आणि नुसता ट्रक घेऊन भटकायचं.

कॅम्पग्राउंडवर शेजारी एक निवृत्त जोडपं होतं. त्यांचा ट्रेलर ४२ फुटांचा, ट्रक मागे दुहेरी चाकांचा डिझेल. काकूंनी बायकोला आत नेऊन दाखवलं. स्वयंपाकघराच्या मधोमध ओटा, घरातल्याएवढा फ्रिज, कपडे धुण्याचं यंत्र. ती बाहेर आली तीच डोळ्यांत चमक घेऊन. "आपला ट्रक हे ओढेल ना?"

मी काही बोलायच्या आत अण्णांनी मला काकांना विचारायला लावलं, मानेवर किती पडतं? काका हसून म्हणाले, चार हजार पौंड.

"आपला स्टिकर एकोणचाळीसशेचा," अण्णा सुनेकडे वळून म्हणाले. "नुसती पिन ठेवली तरी शंभर पौंड जास्त. वर आपण चौघं." ओढायचं म्हटलं तर ट्रक कदाचित ओढेलही, असं मी म्हणून बघितलं. त्यावर तिने काकांच्या ट्रकची किंमत विचारली. आकडा ऐकला आणि आमच्याच ट्रेलरमधल्या ओट्यावर आणखी एक घडीची फळी बसवता येईल का, याचं माप घ्यायला ती आत गेली.