दुःखाच्या घरी जाताना

घरात मृत्यू झाला की भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी काही वाक्ये ठरलेली असतात: देवाची इच्छा, मागच्या जन्मीचे भोग, चांगली माणसे देवालाही हवी असतात. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मी जाणते. तरीही या वाक्यांनी दुःखितांची श्रद्धा सावरत नाही, उलट तिच्यावरच घाव बसतो, असे माझे ठाम मत आहे. ज्या विठ्ठलाला त्या घरची बाई जन्मभर माउली म्हणत आली, त्यालाच आपण तिच्यासमोर तिचे माणूस हिरावून नेणारा ठरवतो आणि आता हात जोडायचे कोणापुढे, हा प्रश्न तिच्या पदरात टाकून उठून येतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांच्या पुरात आपल्या बेळगाव जिल्ह्यातील असंख्य घरे पडली, तेव्हाही देवाचा कोप झाला असे म्हणणारे भेटलेच. ज्यांच्या भिंती वाहून गेल्या, त्यांनी असे कोणते पाप केले होते?

माझी थोरली बहीण, आमची आक्का, खानापूर तालुक्यात दिलेली आहे. घर माळकरी, एकादशी कधी चुकलेली नाही. तिचा तरुण मुलगा दीर्घ आजाराने गेला, तेव्हा तिने गळ्यातील तुळशीची माळ उतरवली नाही, पण हरिपाठाला बसणे मात्र सोडले. अनेकांनी तिला समजावले, काहींनी दटावलेही. गावातील एक वयोवृद्ध भजनी बुवा तेवढे रोज संध्याकाळी येऊन सोप्यात बसत, पाणी घेत आणि मुलाच्या लहानपणीच्या गोष्टी काढत. एकदा आक्काने त्यांना विचारले, "पांडुरंगाला माझंच पोर दिसलं काय हो, बुवा?" बुवांनी कर्माचा सिद्धान्त सांगितला नाही. ते एवढेच म्हणाले, "त्यालाच विचार, पोरी. भांडायचं तर त्याच्याशीच भांड." पुढे ती खरोखर भांडली, देवघरासमोर बसून मोठ्याने भांडली, आणि त्या भांडणातूनच तिचा देवाशी तुटत चाललेला संबंध टिकून राहिला. प्रश्नाचे उत्तर तिला आजही मिळालेले नाही.

बुवांनी दिलेली ही मुभा नवी नव्हे. ती वारकरी परंपरेतच आहे. 1630 च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला, व्यापार बुडाला. पत्नीची ती उपासमार तुकोबांनी झाकून ठेवली नाही, स्वतःच्या अभंगात सांगितली. परंपरा असे सांगते की, त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवून ऋणकोंना मोकळे केले आणि देहूचे पडके विठ्ठलमंदिर दुरुस्त केले. स्वतः होरपळलेल्या माणसाने आधी दुसऱ्यांच्या डोक्यावरचे ओझे उतरवले, हे मला फार मोलाचे वाटते. चोखोबांना देवळात पाऊल टाकू दिले गेले नाही. त्यांनी महाद्वाराबाहेरून विठ्ठलालाच जाब विचारला. 1338 मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना ते कूस कोसळून त्यांचा अंत झाला. जनाबाईने तर विठ्ठलाला शिव्याही दिल्या. या साऱ्यांना आपण संत म्हणतो, त्यांचे अभंग टाळ-मृदंगाच्या गजरात गातो, आणि शेजारची बाई देवाला दोष देऊ लागली की मात्र तिला गप्प करतो. तक्रार करणारा माणूस देवाला सोडून गेलेला नसतो. जो सोडून गेला, तो तक्रार कोणाकडे करील?

मग दुःखाच्या घरी जाऊन करायचे काय? आपल्याकडच्या जुन्या रीतींना हे पुष्कळ कळलेले आहे. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारून भाकरी आणि आमटी येते आणि कोणी तरी जवळ बसून घास घ्यायला लावते. भाच्याच्या आजारपणात बेळगावच्या रुग्णालयात आमच्या शेजारच्या खाटेपाशी बैलहोंगलकडची एक बाई होती. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग, बोलणे सारे कन्नड. तिचा स्वतःचा नवरा अत्यवस्थ होता, तरी ती आपल्या ज्वारीच्या भाकरीतील अर्धी आक्कापुढे ठेवी आणि रात्री तिच्या पाठीवरून हात फिरवीत शिवाचे नाव घेई. आक्का विठ्ठलाचे नाव घेई. त्या दोघींना एकमेकींची भाषा मोडकीतोडकीच येत होती, पण त्या रात्रींत तिच्याइतका आधार आम्हा सख्ख्यांनाही देता आला नाही, असे आक्का सांगते.

आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. रक्षाविसर्जनाला आणि दिवसकार्याला गर्दी होते, नंतर ते घर एकाएकी रिकामे होते. जायचे असेल तर तेव्हा जावे. पहिल्या आषाढीला जावे, गेलेल्याच्या वाढदिवसाला जावे, आणि गेल्यावर त्याचे नाव घ्यावे. नाव काढले तर दुःख उगाळले जाईल, या भीतीने सारे जण ते टाळतात, आणि आई तेच नाव कोणाच्या तरी तोंडून ऐकण्यासाठी आसुसलेली असते. प्रार्थना करायची असेल तर तिला विचारून तिच्याजवळ बसून करावी. ती नको म्हणाली तर आपल्या घरी तिच्यासाठी करावी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याकडे जावे.