उभ्यानं सोडव

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि आधी आठवली ती शेवटच्या बाकामागची खिडकी, मग गणिताच्या बाई. आभार बऱ्याच जणांचे मानायला हवेत, पण डोळ्यांसमोरून बाई हलतच नाहीत. तेव्हा त्यांच्याबद्दलच लिहितो.

माझ्या प्रगतिपुस्तकात दर सहामाहीला एकच शेरा असायचा : 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' खरं तर लक्ष एकाच वेळी सगळीकडे असायचं. फळ्यावर, पंख्याच्या कुरकुरीत, पुढच्या मुलाच्या शर्टाच्या उसवलेल्या शिवणीत. पाय तर थांबायचेच नाहीत. त्यापायी वर्गात उभं राहण्याची शिक्षा रोजची होती.

सातवीत बाईंनी तेच उभं राहणं मला सवलत म्हणून दिलं. "बसून होत नाही ना? मग जा त्या खिडकीपाशी, उभ्यानं सोडव." कोऱ्या कागदाला दोन घड्या घालून त्या नखानं दाबायच्या आणि प्रत्येक चौकोनात एकच गणित लिहून द्यायच्या. एक सुटल्याशिवाय पुढची घडी उलगडायची नाही.

एकदा शाळेची तपासणी होती. साहेबांनी दारातूनच विचारलं, "त्या मुलाला शिक्षा का केलीय?" वर्ग चिडीचूप. बाई म्हणाल्या, "शिक्षा नाही साहेब, तो गणित सोडवतोय." साहेब माझ्यापर्यंत आले. तिसरा चौकोन अर्धा झाला होता. त्यांनी कागद पाहिला, परत दिला आणि ते पुढे गेले. पुढे बक्षिसं मिळाली, पण त्या एका वाक्याची सर कशालाच आली नाही.

लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या या अवस्थेचं 'एडीएचडी' हे नाव अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आलं १९८७ साली. माझ्यापर्यंत ते पोचलं चाळिशीत, मुलीच्या तपासणीच्या निमित्तानं. मोठ्या माणसाचं निदान करतानाही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का, हे पाहतात. डॉक्टरांनी जुनं प्रगतिपुस्तक मागितलं, तेव्हा तो शेरा पहिल्यांदा कामी आला. ते म्हणाले, अशा मुलांना एका वेळी फार गोष्टी डोक्यात धरून ठेवणं जड जातं, म्हणून काम तुकड्यातुकड्यानं द्यावं. हालचालही उगाच थांबवू नये, पुष्कळांचं लक्ष त्यानंच टिकतं. मला मात्र नखानं दाबलेली घडी दिसत होती.

आज मी रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करतो. व्हेंटिलेटर उघडून बसलो की तीन-चार तास कसे जातात कळत नाही, आणि इतरांच्या लक्षात न येणारी बारीक घरघर मला आधी ऐकू येते. पंख्याची कुरकुर ऐकणारे हे तेच कान. बिलं, तारखा, दिलेले शब्द अजूनही विसरतो, घरच्यांना त्याचा त्रास होतो. गोळी चालू आहे, गजर लावून ठेवतो. याला वरदान म्हणवत नाही. पण मन लागेल असं काम हाती आलं की हे डोकं त्यात जीव ओततं. बाईंना ते तेव्हाच दिसलं होतं.

त्यांना हे सांगायचं राहून गेलं. माझं निदान होण्याआधीच त्या गेल्या. त्या वर्गात आता संगणक आहेत आणि खिडक्या कायम बंद असतात, असं कळलं. वाईट वाटलं.

माझी मुलगी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून गणितं सोडवते. कागद मी दुमडून देतो. बाईंसारखी सरळ घडी मला अजून जमत नाही.